चिठ्ठ्यांचा डबा

माझ्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला पोरं यायची ती सोडतीसाठी. हे मला ठाऊक होतं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नव्हतं. पोलादपूरच्या शाळेत शिकवता शिकवता मी बारा वर्षं आसपासच्या शाळांत हा कार्यक्रम घेत आले. गुटख्याने सडलेल्या जबड्याचा तक्ता, मशेरीवर चार शब्द, शपथ, आणि शेवटी स्टीलचा मोठा डबा. हजर असलेल्या प्रत्येकाने नावाची चिठ्ठी टाकायची, मी डोळे मिटून एक काढायची. बक्षीस महाडचा एक दुकानदार द्यायचा, कधी घड्याळ, कधी बॅडमिंटनच्या रॅकेटी. कापडे गावात तर वरच्या वाडीतली मुलं डोंगर उतरून यायची. डबेवाल्या बाई म्हणायची मला. तक्ता कुणी बघायचं का, ते विचारू नका.

मग गेल्या वर्षी ती आली. महाडच्या मोहल्ल्यातली, वडील कुवेतला, समुपदेशनाचं शिकून नुकतीच कामाला लागलेली पोर. तिला मुलांशी मोबाइलवरच्या जुगाराबद्दल बोलायचं होतं, पण त्यासाठी वेगळा कार्यक्रम नको होता. "तुमचा चाललेलाच आहे बाई, त्यातच अर्धा तास द्या मला," म्हणाली. "व्यसन म्हटलं की तंबाखू आणि दारू. जुगार तेवढा राहून जातो." आमच्या मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने म्हटलं, "ये की."

आमचा दोघींचा पहिला कार्यक्रम पाचाडच्या शाळेत झाला. तिने तक्ता आणला नव्हता, काहीच आणलं नव्हतं. गणपतीत घरी पत्ते कोण कोण खेळतं, एवढंच विचारलं. सगळे हात वर. पैसे लावून? निम्मे हात हसत हसत खाली. मग हळूच मोबाइलवर आली, आणि पोरं बोलायलाच लागली. कुणाचा दादा मुंबईवरना आला की क्रिकेटची टीम लावतो, कुणाचा मामा लाल का हिरवा असला कसला गेम खेळतो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "म्याडम, जिकला तर तो जुगार कसा?" दुसऱ्याने विचारलं, "हरलेलं परत मिलवता येतं काय?"

बारा वर्षांत मला एकाही मुलाने प्रश्न विचारला नव्हता. मी 'समजलं का?' म्हणायची, पोरं 'हो बाई' म्हणायची, संपलं. मला तिचा मत्सर वाटला, उगाच गोड शब्द कशाला शोधू? तिच्या ओढणीचा, तिच्या हसण्याचा, फळ्यावरच्या तिच्या सुरेख अक्षराचासुद्धा. घरी येऊन मी आरशासमोर तिच्यासारखं 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणून पाहिलं. हजेरी घेतल्यासारखं आलं ते.

दोनेक कार्यक्रम झाल्यावर महाडच्या स्टँडवर चहा पिताना ती म्हणाली, "बाई, रागावू नका. सोडत बंद करूया का?"

"का गं? पोरं एक पैसा तरी लावतात का? ह्यात जुगार कुठला?"

"पैसा नाही लावत. पण आपलं नाव निघेल या आशेवर बसून राहायला आपणच शिकवतो. आणि त्याच तासात मी त्यांना त्या आशेपासून सांभाळून राहा म्हणते."

मी चहा अर्धा टाकून उठले. तिचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. पण डोक्यात एकच होतं. डबा गेला की मुलं तिच्यासाठी येतील, माझ्यासाठी कुणीही येणार नाही.

"पुढच्या कार्यक्रमाला, तुडीलच्या शाळेत, डबा येणार," मी सांगून टाकलं. "तुला काय बोलायचं ते बोल."

तुडीलला ती बोलत असतानाच मी चिठ्ठ्या भरलेला डबा टेबलावर आणून ठेवला. मुद्दाम. पोरांच्या माना डब्याकडे वळल्या. ती अडखळली नाही. तिने विचारलं, "इतके वेळा हरलो, आता आपलीच पाळी, असं कधी वाटलंय कुणाला?"

दहावीतली एक मुलगी उभी राहिली. प्रश्न विचारणारीकडे न बघता ती माझ्याकडे बघत होती.

"बाई, मी सहावीपासना चिठ्ठी टाकते. एकदा पन निघाली नाय. यंदा माजं शेवटचं वरीस हाय. आता निघंलच ना?"

मला काय सुचलं ते सांगते. चिठ्ठी काढताना डोळे जरासे किलकिले करायला कितीसा वेळ लागतो? तिची चिठ्ठी शोधून काढायची. सगळा वर्ग टाळ्या वाजवेल, आणि त्या टाळ्या माझ्या असतील. माझा हात झाकणावर गेलासुद्धा. पण ती मुलगी इतक्या खात्रीने बघत होती की मला भीती वाटली, चिठ्ठी निघाली तर हरणाऱ्याची पाळी येतेच हे तिला जन्मभर खरं वाटेल.

"नाय गो," मी म्हटलं. "डब्याला मागचं काय आठवत नाय. तू पाच वेळा टाक, नायतर आज पहिल्यांदा टाक, सारखंच."

ती खाली बसली नाही. तिने विचारलं, "मग तुमी दरवर्षी 'पुढच्या टायमाला तुझी नक्की' का सांगायचात?"

खरंच सांगायचे मी. ज्यांची निघाली नाही त्यातल्या रडवेल्या तोंडाच्या प्रत्येकाला, पाठीवर हात ठेवून. चांगुलपणा म्हणून.

मी त्या समुपदेशक पोरीकडे पाहिलं. हिने उत्तर द्यावं, हिचाच तर विषय आहे. ती हातातल्या खडूकडे बघत होती. प्रश्न तिला विचारलेला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. तेव्हा ती मुलगी खाली बसली. आणि त्या वेळीही मला त्या खडू धरून उभ्या पोरीचा हेवाच वाटला. तिने अजून कुणाच्या पाठीवर हात ठेवून तसं सांगितलेलं नव्हतं.