शेपटी वर की खाली

प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाबाई म्हणत. प्रयोग फसला की ही बाई ना कपाळाला हात लावणार, ना नशिबाला बोल, नुसतं म्हणणार, "पुन्हा करून बघू." घरी फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि तारीख. चिठ्ठी नसलेलं काहीही ती बेधडक फेकून देई. त्यात एकदा नवऱ्याचा जेवणाचा डबा गेला, तेव्हापासून तो बिचारा उकडलेल्या अंड्यावरही तारीख घालतो.

तिचं काम सांगायला सोपं. एका झाडाच्या सालीत सांधेदुखीवर जालीम औषध असतं, पण चिमूटभर औषधासाठी अख्खं झाड सोलावं लागतं. झाडं संपत आली, रोगी काही संपत नाहीत. म्हणून झाडाला हात न लावता तोच रेणू काचेच्या भांड्यात बनवायचा. रेणू दिसतो कसा, हे तिच्या सरांनी तरुणपणी शोधून कागदावर काढून ठेवलं होतं: तीन कडी आणि वर वळलेली एक शेपटी. त्या एका चित्रावर सर नावारूपाला आले होते.

पुन्हाबाईनं चित्राबरहुकूम रेणू बनवला. यंत्रातून त्याचा आलेख काढून सालीतल्या रेणूच्या आलेखावर ठेवला. सगळी शिखरं जुळली, एक सोडून. ते केसभर सरकलेलं होतं, आणि औषधात केसभरही चालत नाही. पुन्हा केलं. मग वाट बदलून केलं, मग तिसऱ्याच वाटेनं. तेच शिखर, तितकंच सरकलेलं.

तेव्हा मात्र तिनं तिन्ही आलेख शेजारी शेजारी मांडले. हात चुकले असते तर दर वेळी वेगळं चुकलं असतं. म्हणजे चूक चित्रात होती. सरकलेलं शिखर शेपटीचं, तेव्हा खरी शेपटी खाली वळलेली असणार.

संचालकही सरांचेच विद्यार्थी. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "सर चुकले म्हणतेस? आधी स्वतःचे हात बघ. महिनाअखेर जुळलं नाही तर काम बंद."

शेपटी खाली वळवून रेणू नव्यानं बनवायचा तर निदान सहा महिने हवे होते. ते सरांच्याच शब्दावर मिळाले असते. पण ज्या माणसानं आपल्याला काचेची नळी वाकवायला शिकवलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमचं चित्र चुकलंय?

रविवारी ती गेली. सर गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. तिनं हवापाण्यापासून सुरुवात केली तसे ते खेकसले, "विषयावर ये." तिनं एका दमात सगळं सांगितलं आणि आलेख पुढे केले. सरांनी चष्मा पुसला आणि तोंडी परीक्षाच सुरू केली.

"भांड्यात ओल राहिली असेल."

"नाही सर, तिन्ही वेळा कोरडं होतं."

"शेवटी तापवताना शेपटी वळली असेल."

"मी बनवलेल्याच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून पाहिलं. शेपटी वरच आहे, तुम्ही काढलीत तशीच."

"मग सालीतला नमुना खराब झाला असेल."

"नवी साल आणून पुन्हा काढला."

"तू पुन्हा काढणारच," सर पुटपुटले.

त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले. काकूंनी आणलेला चहा निवला, तरी त्यांनी आलेख खाली ठेवले नाहीत. आपण या माणसाचं काहीतरी मोडलं, असं पुन्हाबाईला वाटलं.

"सर, कदाचित मीच चुकत असेन."

"गप्प बस," म्हणत सरांनी संचालकांना फोन लावला. "अरे, माझं चित्र चुकलंय. शेपटी खाली असणार. पोरीचे हात बरोबर आहेत, तिला हवा तेवढा वेळ दे." पलीकडचं ऐकून ते भडकले. "म्हातारचळ नाही लागलेला मला!"

त्यांनी फोन आपटला. पुन्हाबाईला रडूच फुटलं.

"रडतेस काय? कामाला लाग," सर म्हणाले. "बरोबर चित्र बघून जायचंय मला."