दोन बोटं उंच

"हात लावू नका," हे त्यांचं नमस्काराऐवजीचं वाक्य. आपले दोन्ही हात खिशात असले तरी. कानामागची पेन्सिल उपसून ते तलवारीसारखी समोर धरत आणि म्हणत, "बघायचंय ना? बघा. मतं घरी ठेवून या."

मंडळी, कायम तापलेली माणसं आपल्या पुण्यात काही कमी नाहीत. पण आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या या काकांच्या रागाची जातच वेगळी. ते प्लायवूडवर चिडत. स्क्रूवर चिडत. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची पोरं नेणारी एक जुनी पिवळी व्हॅन विकत घेतली आणि तिच्या आत स्वतःच्या हातांनी घर मांडायला घेतलं. झोपायला बाक, चहापुरता ओटा, डब्यांची फळी. मदतीला आलेला पहिला सुतार "चालतंय की काका" म्हणाला, म्हणून त्याला हाकललं. दुसरा काहीच बोलला नाही, तर "हा मनात म्हणतोय" म्हणून त्यालाही.

फळी झाल्यावर तिची परीक्षा. सगळे डबे भरून वर मांडले आणि गेटजवळच्या गतिरोधकावरून व्हॅन वीस वेळा नेली-आणली. एकोणिसाव्या फेरीला हळदीचा डबा कोसळला. पिवळेधमक होऊन काका खाली उतरले आणि गतिरोधकाकडे बघत म्हणाले, "झालं समाधान?" मी इतका हसलो की आठवडाभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, गाडीत तासभर पाय दुमडून बसवत नव्हतं. आणि दापोलीला ऐंशी उलटलेली थोरली बहीण. चार वर्षं दोघी फक्त फोनवर भेटत होत्या. म्हणून व्हॅनमधलं प्रत्येक माप काकूंच्या अंगाचं. टेप काका वापरतच नसत. "ये गं. उभी राहा. हात वर कर." की लगेच पेन्सिलीची खूण. बाकाची उंची ठरवायला तर काकूंना अकरा वेळा बसवलं. पाय सपाट टेकले पाहिजेत, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येत नाही, हे त्यांनी मला तीनदा रागावून समजावलं होतं.

इकडे आमच्या चेअरमनना पार्किंगमधली ती पिवळी व्हॅन खुपत होती. रविवारपर्यंत हलवा, नाहीतर क्रेन बोलावू, अशी नोटीस निघाली. सेक्रेटरी मी, तेव्हा नेऊन द्यायलाही मीच. काकांनी ती वाचली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दाराच्या कडीचं चित्र काढायला घेतलं. "कागद बरा आहे," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी घर तयार झालं. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. दारात चपला काढल्या, आत गेल्या, बाकावर बसल्या. आणि त्यांचे पाय लोंबकळले.

दोन बोटं. फक्त दोन बोटं. आत खिळे आणि भुसा पडलेला, म्हणून दोन महिने काकू मापाला येत त्या डॉक्टरांनी दिलेल्या जाड तळाच्या चपला घालून. आता तिथे घर झालं होतं, आणि घरात चपला घालून कोण शिरतं?

"चपला घालून बसते की मी," काकू म्हणाल्या.

"घरात?" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला नाही, आणि मला त्यांची खरी भीती वाटली ती तेव्हा. "माझ्या घरात तू चपला घालून बसणार?"

दुपारी दोनला करवत सुरू झाली. एक ते चार आवाज बंद, हा आमच्याकडचा नियम. चेअरमन गॅलरीत आले. काकांना बोलायची त्यांची छाती नव्हती, म्हणून मला म्हणाले, सेक्रेटरी, नियम कोणासाठी असतात? एरवी मी गोड हसून वेळ मारून नेली असती. पण मलाही सणक भरली. एका बाईला बहिणीकडे जायचंय, तिचे पाय टेकत नाहीत, आणि यांची झोप मोडते.

"नियम मीच लिहिलाय," मी म्हणालो, "आता मीच मोडतोय." आणि खाली जाऊन बाकाचं दुसरं टोक धरलं.

"वाकडं धरलंय," काका म्हणाले.

बाकाचे चारही पाय दोन-दोन बोटं कापून होईस्तोवर त्यांनी माझा इतका उद्धार केला की माझ्या सासऱ्यांनीही कधी केला नसेल.

रविवारी चहानंतर काकू पुन्हा बसल्या. काका दाराशी उभे. "टेकले?" "टेकले." बस. दार धाडकन ओढलं आणि दोघं दापोलीला निघून गेले. या गडबडीत करवत माझ्याकडेच राहिली.

त्या जागेवर आता स्कूटर लागतात. सोसायटीत इतकी शांतता आहे की चिडायला होतं. परवा काकूंचा दापोलीहून फोन आला. म्हणाल्या, ताई रोज व्हॅनमध्येच येऊन बसते, पण ती माझ्याहून बुटकी. तिचे पाय लोंबतात. हे सकाळपासून करवत शोधतायत.

मागून काकांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी, बहुधा त्या बाकालाच, फैलावर घेत होते. आणि त्या आवाजाखाली दोन म्हाताऱ्या खुदुखुदु हसत होत्या.