बिशपची पत्रिका आणि भलतीच बाही

आमच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवताला जात नाही, बिशपला जाते. हसू नका. पुण्याहून लग्न होऊन बंगळूरच्या बसवनगुडीत आले तेव्हा मीही हसले होते, आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे डोळे वटारले होते.

या वेळचं लग्न माझ्या नणंदेचं, दीपाचं. मुलगा जोएल, व्हाइटफील्डला तिच्याच ऑफिसात, ख्रिस्ती. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, 'नको' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त गुडघा पुढे केला. "बिशपकडे गेल्याशिवाय पत्रिका वाटायच्या नाहीत. आणि माझा गुडघा स्वल्प दुखतोय." लग्न तीन आठवड्यांवर, पत्रिकांचे गठ्ठे कपाटावर, दीपा रोज डोळे सुजवून ऑफिसला. पिढ्यान् पिढ्या बिशपच्या पाया पडायचं आणि जावई ख्रिस्ती निघाला की गुडघा धरून बसायचं! शेवटी मी वैतागले. "अण्णा, चप्पल घाला. गुडघ्यासाठी मेट्रो आहे."

तुम्हाला बिशपच्या चर्चमध्ये जायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, रविवारी तर मुळीच नको. प्रार्थनेच्या गर्दीत काही बघता येत नाही. सकाळी गांधी बाजारात डोसा आणि कॉफी हाणा, मग नॅशनल कॉलेज स्टेशनवरून हिरवी लाईन पकडा. मॅजेस्टिकला जांभळ्या लाईनीत बदल करताना सोबतच्या म्हाताऱ्या माणसाचा हात सोडू नका. माझा म्हातारा भलत्याच जिन्याने निघाला होता. एम. जी. रोडला उतरून रिक्षा केली. मीटर टाकायला सांगितल्यावर रिक्षावाला असा काही हसला की मीही हसून आत बसले.

वाटेत अण्णांनी बिशपचं चरित्र ऐकवलं. आमचं खानदान शिंप्यांचं, छावणीत गोऱ्यांचे कपडे शिवणारं. बिशप इथे आला तेव्हा साधा पाद्री होता, काडीपैलवान. झगा अंगात राहीना, म्हणून अण्णांच्या खापरपणजोबांनी तो आत घेऊन दिला. पुढे दर बढतीला तोच झगा बाहेर सोडावा लागला. कर्नलशी भांडला, बैलगाडीतून गावोगाव हिंडला, शाळा काढल्या, लांबलचक प्रवचनं दिली, आणि सगळीकडे भरपेट जेवला. बिशप झाला तेव्हा खापरपणजोबांनी त्याला ढगळ बाह्या शिवून दिल्या. त्यावर खूश होऊन तो त्यांच्या मुलीच्या लग्नाला आला, पंगतीत मांडी घालून जेवला, आणि उठवायला दोन माणसं लागली. तेव्हापासून पहिली पत्रिका त्याला. "आणि गेला कशाने?" मी विचारलं. "फणस," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

चर्च देखणं आहे. जाड भिंती, रंगीत काचा, आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. आमचे 'बिशप' उजव्या भिंतीवर: संगमरवरी झगा, हातभर रुंद बाह्या, आणि छातीखाली प्रार्थनेच्या पुस्तकांचं मोठं कपाट. पत्रिका त्या कपाटावर ठेवून अक्षता टाकायची पद्धत. पण रंगकाम चालू होतं आणि कपाट हलवलेलं. मागची पाटी पहिल्यांदाच उघडी पडली होती.

मी वाचली. पुन्हा वाचली. "अण्णा, हा जज्ज आहे."

"काय बोलतेस!"

तिथल्या पास्टरबाई धावत आल्या. कन्नडमध्ये सगळं ऐकून आधी पोट धरून हसल्या, मग वरमून त्यांनी आम्हाला पियानोमागे नेलं. तिथे एक पितळी पाटी होती, तळहाताएवढी. छावणीचा पाद्री, मग आर्चडीकन, मग बिशप. बस, एवढंच. जेवणाबद्दल एक अक्षर नाही!

अण्णा बाकावर टेकले. "मला लहानपणीच खटकलं होतं गं. बिशपच्या बाहीला मनगटाशी चुण्या असतात. याची बाही मोकळी आहे. वडिलांना विचारलं तर कानाखाली बसली. आणि कपाट हलवून देवाची पाटी कोण वाचतो?" मग घाबऱ्या आवाजात, "म्हणजे माझ्या लग्नाला आपण जज्जला बोलावलं?"

"हो. तुमच्या वडिलांच्याही."

त्यांचा चेहरा बघवेना. पण दीपाचे सुजलेले डोळे आठवले आणि मी तोंड सोडलंच. "मग काय बिघडलं, अण्णा? भलत्याच माणसाला मान दिला तरी सगळे संसार नीट झाले ना? तुमचं आणि सासूबाईंचं काय अडलं?"

"रोज भांडतो आम्ही."

"पण त्या घरात नसल्या की तुम्ही जेवत नाही."

ते उठले आणि त्या मोकळ्या बाहीपुढे जाऊन उभे राहिले. मग पिशवीतून दोन पत्रिका काढल्या. एक बिशपला, एक जज्जला. "इतकी वर्षं आलाय तो. आता कसं वगळायचं?" अक्षता टाकल्या आणि मला म्हणाले, "ही जांभळी लाईन पुढे व्हाइटफील्डला जाते ना? सरी, ठीक, चल. जोएलच्या घरी द्यायची पत्रिका पिशवीत आहे." म्हणजे पिशवीत होतीच! मला रडूच आलं.

व्हाइटफील्डला उतरल्यावर ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, तुमचं ब्लडप्रेशर वाढेल. जोएल घरूनच काम करत होता. वर फॉर्मल शर्ट, खाली हाफपँट. आम्हाला बघून पोरगा पांढराफटक पडला. त्याच्या आईने केक पुढे केला, अण्णांनी पत्रिका दिली. मी केक खात राहिले.

घरी परतलो तेव्हा दीपा दारातच उभी होती, जोएलचा फोन आधीच येऊन गेला होता. बिशप खरंच फणसाने गेला का, देव जाणे. ते सगळं मी विसरेनही. पण जोएलच्या दिवाणखान्यात अण्णांनी खिशातून टेप काढली, न विचारता जोएलचा हात सरळ केला, खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, आणि डोळे पुसत मला दटावलं, "बघत काय बसलीस? लिहून घे. लग्नाचा कोट मीच शिवणार. या वेळी बाही चुकायची नाही."