सोपानरावांनी सांगितलेली वाट

सणसरहून सोपानराव कोळेकर गेल्याचा फोन आला, त्याला दीड महिना झाला. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मी इतकी वर्षं कोणालाच सांगितली नाही. सहलींचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. विसरलो नव्हतो, टाळत होतो. आज त्यांना 'राव' लावतानाही स्वतःची किळस येते. बारामतीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे परिचर होते, माझ्याहून चार वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना सगळ्यांदेखत 'अरे सोपान' म्हणायचो.

नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. दिवाळीनंतर शिक्षकांची एक दिवसाची सहल काढायचं ठरलं. भोरच्या पलीकडे डोंगरावर एक तळं आहे, एवढंच ऐकून होतो. चढ सोपा हवा, कारण जाधवबाईंचे गुडघे दुखायचे. आणि दिवस मावळायच्या आत खाली यायला हवं. मी भूगोल शिकवायचो, म्हणून आखणी माझ्याकडे आली. मधल्या सुट्टीत चहा घेऊन आलेले सोपानराव आमचं बोलणं ऐकून थबकले. "त्या तळ्याचं पाणी आमच्या मेंढरांनी कैक येळा पिलंय, सर." लहानपणी दरवर्षी ते कळपामागून चालत कोकणात जायचे. खडूचा तुकडा घेऊन त्यांनी टेबलावरच वाट काढली. देवळापासून ओढा, ओढ्यावरून पठार. "आन् पठारावर वाडा लागतो. तितनं डाव्या हाताला वळायचं. सरळ जायचं न्हाय, म्होरं कडा हाय." एवढ्या वर्षांत शाळेत त्यांना कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही... त्या दिवशी पाच-सहा शिक्षक त्यांच्या बोटाकडे बघत होते आणि त्यांचा आवाज जरा वर चढला होता.

मी त्यावरून कागदावर नकाशा काढला आणि वाड्याच्या जागी एक कौलारू घर रेखाटलं. सहलीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सोपानराव दारात आले. आम्ही दोघंच होतो. "सर, ह्ये घर कशाला काढलंय? तितं घर न्हाय. वाडा म्हंजी आमची मेंढरं बसायची जागा. उघडा माळ हाय, मधी हिरड्याचं एकच झाड." भूगोलाच्या शिक्षकाला परिचरानं नकाशा शिकवावा, हे मला झोंबलं. "बघतो," एवढंच म्हणालो. "मी येऊ का संगं? म्हंजी चुकायचंच न्हाय." मी सांगितलं, "गाडीत जागा नाही रे." मॅटाडोरमध्ये मागच्या दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांवर आम्ही धपाट्यांचे डबे ठेवले.

पाणीही थोडंच घेतलं होतं. तळ्यावर जायचं तर पाणी कशाला वाहायचं, हे शहाणपणही माझंच. पठारावर पोचलो आणि समोर मोकळा माळ दिसला, मधोमध हिरड्याचं झाड. मी ते ओळखलं. इतकी वर्षं मला हेच कोणाला सांगता आलं नाही. मी ते ओळखलं होतं. पण तिथं डावीकडे वळायचं म्हणजे नकाशा चुकला हे कबूल करणं आलं. गायकवाड सरांनी विचारलं, "काय हो, वाडा कुठाय?" मी म्हणालो, "पुढं असेल, चला." पुढं कडाच होता. उन्हात, कोरड्या घशानं माघारी फिरताना जाधवबाई घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. गवत कापणाऱ्या बायांनी आम्हाला पाणी पाजलं आणि खाली आणून सोडलं. तळं कोणालाच दिसलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, वाट कोणी सांगितली? मी म्हणालो, "सोपाननं. वाडा लागेल म्हणाला. तिथं वाडाच नव्हता." सोपानराव चहाचा ट्रे घेऊन उभे होते. मुख्याध्यापक त्यांच्याकडे वळले, "वाडा म्हणाला होतास का रे?" "व्हय सर, वाडाच म्हटलं हुतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले. पुढचं मी सांगेन म्हणून थांबले असावेत. मी बशीत चहा ओतला. तेवढ्यात गायकवाड म्हणाले, "हा कसला कोळेकर, हा तर वाडेकर!" सगळे हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच.

ते नाव निवृत्तीपर्यंत त्यांना चिकटलं. पोरंसुद्धा मागून ओरडायची, "वाडेकर, वाडा सापडला का?" ते मान खाली घालून परीक्षानळ्या धूत राहायचे. कळपाबद्दल, डोंगराबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. माणूस आपल्याला येणारी एकमेव गोष्ट लपवू लागतो, ते मी रोज बघत होतो आणि रोज त्यांनी आणलेला चहा पीत होतो.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी आहेत असं कळलं आणि सणसरला गेलो. एसटीत सगळा वेळ एकच वाक्य घोकत होतो : सोपानराव, तुमची वाट बरोबर होती, मी खोटं बोललो, मला माफ करा. ते अंगणात बाजेवर पडले होते, मला बघून उठून बसले. "या सर, या. येवढ्या लांब कशापायी आला?" त्यांच्या सूनबाई पाणी ठेवून आत गेल्या. आम्ही दोघंच उरलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. अगदी थांबून... "बोला की, सर."

मी घसा खाकरला आणि विचारलं, "यंदा उसाला तोड कधी आहे?"