वशिंडवाल्या व्हॅनगार्डचा पोळा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा लोकांना झोतभट्टीपेक्षा गाड्यांचं कौतुक जास्त. रशियन साहेबांची पोबेदा, ठेकेदारांची लँडमास्टर आणि एका डॉक्टरांची स्टुडबेकर, जिचं तोंड कोणतं नि बूड कोणतं यावर चहाच्या पैजा लागत.

दुर्ग रस्त्यावरच्या दौलतराव सेठांच्या शोरूममध्ये मात्र एकुलती एक स्टँडर्ड व्हॅनगार्ड. रंग मलईचा, पाठ वशिंडासारखी गोल. कारखान्याच्याही आधीपासून तिथे बसलेली; उपवर मुलीसारखी सगळ्यांनी बघून झालेली.

भंडाऱ्याकडचा तेजराम बैलजोडी भावाकडे ठेवून कारखान्यात मजुरीला आला होता. एकदा त्या काचेला नाक लावून उभा राहिला तो हलेचना. काच खराब होते म्हणून सेठनी त्यालाच पुसायला ठेवलं, पुढे चालवायला. गाडीचं नाव त्याने ठेवलं ढवळ्या.

एके दिवशी सेठ म्हणाले, "कुम्हारीचे हिरालाल ठेकेदार गाडी पाहाले येऊन राहिले. घेतली, तर तू ड्रायव्हर म्हणून गाडीसंगंच जाशीन. नाही घेतली, तर गाडी वापस नागपूरले. मंग तू आन तुही काच!"

तेजरामने ढवळ्याशिवाय राहायचं?

आणि हिरालाल उगवले नेमके पोळ्याला. आदल्या संध्याकाळी तेजरामने बैलाच्या खांद्यांना चोळतात तसं मडगार्डांना हळद-लोणी चोळून बॉनेटशी तोंड नेलं होतं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आता हेडलाइटना बेगड, वशिंडावर झूल आणि पुढे झेंडूची माळ.

"चावी लाव," सेठ म्हणाले. "ठेकेदारसाहेबाले चक्कर मारून आन."

"आज नाही जमत, सेठ."

"कावून?"

"पोळा हाय. आज बैल जुंपत नसतेत."

"अबे, हा बैल हाय का?"

"मंग गाय हाय का? दूध तं देत नाही!"

सेठांचा चेहरा भट्टीच्या तोंडासारखा झाला. हिरालाल मिशीतल्या मिशीत हसले. तेजरामचा हात काही चावीकडे जाईना. शेवटी तो म्हणाला, "जुंपत नाही. पन तोरनात नेतो. पायी चला, सेठ."

कारखान्याच्या मजूर कॅम्पातल्या पोरांनी 'हुर्र' करत गाडी ढकलली. सेठ मागून शिव्या घालत, पण मडगार्डला हात लावून; हिरालाल बाजूने चालत. मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली जवळपासच्या गावांतले बैल, आणि मधोमध ढवळ्या! झडत्या, म्हणजे पोळ्यातली चढाओढीची कवनं, सुरू झाल्या. तेजरामने छाती फुगवली:

"चाक रे चाक, रबराचं चाक,
तुमच्या बैलाले चारा, माह्याले पेट्रोल टाक,
सेठचा धाक झाला खाक,
हर हर महादेव!"

तेवढ्यात तोरण तुटलं. ताशे कडाडले, बैल उधळले. तोरण तुटलं की बैलाने धावायचं, ते काही काम नव्हे, ती हौस. तेजरामने हिरालालांना मागच्या सीटवर कोंबलं, चावी फिरवली. ढवळ्या एका दमात हुंकारला! डावीकडे शिंगं, उजवीकडे शिंगं, मध्ये भोंगा. हिरालाल खिडकीतून पोरासारखे ओरडत होते, "दाब! त्या लाल्याले मांगं टाक!" लाल्या बैल मागे पडला. आणि सेठ तर केव्हाच.

सेठ धापा टाकत आले, तेव्हा गाडी शोरूमच्या दारात उभी होती आणि तेजराम रिवाजाप्रमाणे हात पसरून. पोळ्यातून बैल घरी आणला की मालक गड्याला बोजारा देतो, म्हणजे खुशीची ओवाळणी.

"बोजारा?" सेठ कडाडले. "उद्यापासून तोंड दाखवू नको! नागपूरले धाडतो हे धूड!"

तेजरामचा हात तसाच पसरलेला राहिला.

मागचं दार उघडलं. हिरालालांनी खांद्यावरचा जरीकाठी शेला काढून त्या हातावर ठेवला.

"ठेकेदारसाहेब, तुमी कावून?" सेठ गडबडले. "बोजारा मालकानं द्यायचा असते."

"मी मूळचा गोंदियाचा हाय, सेठ," हिरालाल म्हणाले. "बोजारा मालकच देते, हे मले का सांगता?"

आणि ते परत आत जाऊन बसले. "चाल रे तेजराम. पन आज जुंपू नको. पोरं बोलाव, ढकलतीन."