शेवटची ओळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी अण्णांचं नाव घेतो. बिदरच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. प्रश्न कितीही लांब असो, अण्णा आधी त्यावर पंजा ठेवायचे. फक्त शेवटची ओळ उघडी राहायची.

"आधी शेवट वाच. काय विचारायलाय ते कळू दे, मग वर जा."

क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरांची, परीक्षा दिलेल्यांना हे पटेल. प्रश्न इंग्रजीत, दहा ओळींचा असतो. अमुक कंपनी, तमुक गिऱ्हाइकं, एवढे सर्व्हर. विचारलेलं असतं इतकंच, की यातलं सगळ्यात स्वस्त काय, किंवा सगळ्यात कमी खटपटीचं काय. मी मंठाळच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पहिल्या ओळीतच मला घाम फुटायचा.

दूरच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं आमचं काम. एक दिवस साहेबांनी सांगितलं, दिवाळीच्या आत या परीक्षेचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुमचा नोकरीचा करार संपला. तेव्हा मला तिथे वर्षही झालं नव्हतं. अण्णांना अकरा वर्षं झाली होती, आणि ते त्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते.

रविवारी ते मला जनवाड्याला, आपल्या गावी बोलवायचे. विहारातली वंदना आटोपली की आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो.

"उत्तर ब," मी म्हणायचो.

"कामून?"

"बरोबर वाटतंय म्हणून."

"वाटून काय उपेग ल्येका? बाकीची तीन कामून चूक, ते सांग."

अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जायचं, कोरा एकही सोडायचा नाही, हे सगळं त्यांचंच. एकदा डेटा साठवणुकीचे प्रकार माझ्या डोक्यात शिरेनात. अण्णा म्हणाले, "रोजचं पीठ डब्यात ठेवतो, व्हय ना? आन् वर्षाची ज्वारी जमिनीखालच्या पेवात. पेव स्वस्त, पण उघडलं की लगेच उतरता येत न्हाई, आतली वाफ जाऊ द्यावी लागतीय. जुना डेटा तसाच. काढायला वेळ लागतोय."

आतून त्यांच्या आईनं विचारलं, "पेवात काय ठेवलास रे?"

"कंपनीचे जुने फोटो, आई."

"उंदरं लागतील की!"

साठवणुकीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात विसरणार नाही.

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्याला या परीक्षेत अर्धा तास जास्त मिळतो. मात्र तारीख घेण्याआधी तसा अर्ज करावा लागतो. मला हे माहीतही नव्हतं. माझा अर्ज अण्णांनीच भरला. मी कुरकुरलो, की लोक काय म्हणतील.

"घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात हिंदी. इंग्रजी कुठं आली मधी? माग बिनधास्त. लाज कशाची?"

त्याच महिन्यात कंपनीच्या लोकांबरोबर आमची ऑनलाइन मीटिंग होती. अण्णा दोन वाक्यं इंग्रजीत बोलले. साहेबांनी आमच्याकडचा आवाज बंद केला आणि ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही म्यूटवरच राहा. तुमचं इंग्रजी ऐकून गिऱ्हाईक पळंल." सगळे हसले. अण्णाही हसले. त्यानंतर मात्र कुठल्याच मीटिंगमध्ये त्यांचा आवाज मी ऐकला नाही.

परीक्षेला आम्ही एकाच दिवशी कलबुर्गीला गेलो आणि एकाच वेळी आत बसलो. मी बाहेर आलो तर अण्णा बाकावर बसलेले होते, दोन्ही पंजे गुडघ्यांवर.

"लौकर झालं की अण्णा तुमचं!"

"व्हय. झालं."

परतताना हुमनाबादपर्यंत ते मला माझ्याच पेपरात काय काय आलं ते विचारत होते. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर निकाल आला. मी पास होतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आपला मोबाईल खिशात घातला. मी काय ते समजलो.

दिवाळीआधी त्यांनी टेबल रिकामं केलं. आपली अभ्यासाची वही मला दिली. आता ते हैदराबादला एका गोदामाच्या गेटवर बसतात, असं त्यांच्या आईनं सांगितलं. फोन केला तर वाजून बंद होतो.

वही मी बरेच दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा आत घडी घातलेला कागद निघाला. त्यांच्या परीक्षेची छापील पावती. माझ्या पावतीवर वेळेखाली वाढीव अर्धा तास लिहिलेला होता. त्यांच्या पावतीवर ती ओळ नव्हती. ते लवकर उठले नव्हते. त्यांची वेळ संपली होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: नऊ प्रश्न उघडलेच न्हाईत.

त्यांच्या आईकडून पत्ता घेऊन मी पत्र पाठवलं. पोचल्याची पावती आली. उत्तर नाही. पत्र असं होतं:

अण्णा, जय भीम.

तुमच्या टेबलावर आता मी बसतो. साहेबांनी नव्या लोकांना शिकवायचं काम मला दिलंय. मी प्रश्नावर पंजा ठेवतो, पण माझा लहान पडतो, वरच्या ओळी उघड्या राहतात. आई बऱ्या आहेत. पेवातल्या फोटोंचं काय झालं, म्हणून विचारत होत्या. त्या मीटिंगमध्ये मीसुद्धा हसलो होतो. हे तुम्हाला माहीत असणार, तरी लिहितो. तुम्ही पत्र शेवटून वाचणार, म्हणून विचारायचं ते शेवटी ठेवलंय.

तो अर्धा तास तुम्ही स्वतःसाठी कामून मागितला न्हाई?