सरांनी निवडलेलं पुस्तक

आमच्या शेजारचे सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही. बोलणं संपलं की चष्मा पुसत "बरं का, वहिनी" म्हणतात. सर कुणाला दुखवत नाहीत, असं सगळी गल्ली म्हणते.

बसमधल्या टवाळ पोरांपायी लेकीला अकरावीला आम्ही घरीच ठेवलं आणि मुक्त विद्यालयात तिचं नाव घातलं. रसायनशास्त्राला कोणतं पुस्तक घ्यावं कळेना, म्हणून दुकानातून दोन दाखवायला आणली आणि सरांकडे गेलो. जाडजूड पुस्तक त्यांनी न उघडताच बाजूला सारलं आणि प्रश्नोत्तरांचं पातळ गाईड तिच्या हातात दिलं.

"सर, मला ते मोठं समजतंय," लेक म्हणाली.

"समजून काय करायचं हाय? पास व्हायला एवढं लई झालं, बरं का."

इतक्या गोड आवाजापुढे मी मान डोलावली. मोठं पुस्तक दुकानात परत गेलं.

संध्याकाळी सर स्वतःच्या मुलाला त्याच मोठ्या पुस्तकातून शिकवायचे. खिडकीतून आवाज आमच्या अंगणात यायचा आणि लेक भिंतीलगत बसून लिहून घ्यायची. एकदा सरांनी तिला पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली, आणि ती पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लेकीला फाटकात भेटले. "काय बाई, अभ्यास कसा चाललाय?"

"चांगला चाललाय, सर," ती म्हणाली, आणि त्यांनी मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.